दौलतसाठी बोललेला नवस

शिवा डोर्लेकर मॅट्रिक पास झाला तेव्हा शाळेत त्याची आई आली. मासळीची पाटी तिनं फाटकाबाहेर ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्या वर्गाच्या दाराशी उभी राहिली. आत यायला तयार नव्हती.

"मास्तर, पोर पास झायला म्हनतात," ती म्हणाली. "आता पुढं काय?"

ही ठमाबाई. तिचा नवरा आनंदा स्वतःच्या मचव्यावर तांडेल होता, म्हणजे मचवा चालवणारा आणि त्यावरच्या पाच खलाशांचा मुख्य. त्यांच्या खारव्यांच्या वाडीतून मॅट्रिकपर्यंत पोचलेला शिवा हा पहिला मुलगा. "पुढं कॉलेज," असं मी म्हणालो. नंतर जे घडलं त्याची सुरुवात माझ्या त्या दोन शब्दांपासून झाली, असं मला अजून वाटतं.

ही १९३१ सालची गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा कॉलेज नव्हतं. कोल्हापुरात माझे एक स्नेही होते. त्यांच्या ओळखीनं शिवाला तिथल्या एका बोर्डिंगात जागा मिळाली. जूनमध्ये सर्व्हिस मोटारीनं हातखंबा, साखरपा, आंबा घाट करत तो गेला. सतरा वर्षांचा, अंगानं मजबूत, अडकलेलं जाळं सोडवायला खोल पाण्यात बिनदिक्कत बुडी मारणारा मुलगा. पण मोटारीत बसताना त्याचे ओठ पांढरे पडले होते.

शिवा मुळात अबोल नव्हता. वाडीत, मचव्यावर, माझ्या वर्गात त्याचं तोंड सारखं चालू असायचं. कोल्हापुरात पहिल्याच आठवड्यात ते बंद झालं. का, ते त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

बोर्डिंगातल्या पहिल्या जेवणाला शेजारच्या मुलानं विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आवस आणि बापूस," शिवा म्हणाला.

आमच्याकडे साधी माणसं आईला आवस म्हणतात आणि बापाला बापूस. तिथल्या मुलांनी हे शब्द कधी ऐकले नव्हते. सगळी पंगत हसली. बाळा चौगुले नावाचा शिरोळकडचा एक मुलगा नकला करण्यात पटाईत होता. त्यानं शिवाचा कोकणी हेल जसाच्या तसा उचलला आणि नाकातून गायल्यासारखं म्हणाला, "माज्या बापसान मासा मारलान, माज्या आवशीन तो रांदलान!" दुसऱ्या दिवसापासून शिवा जिन्यात दिसला की कोणीतरी हे म्हणायचं. मुलं दुष्ट नव्हती. त्या वयाच्या मुलांना एखादी गंमत सापडली की ती झिजेपर्यंत वापरतात, एवढंच. पण शिवाला शुद्ध बोलणं जमेना आणि घरचं बोलायची लाज वाटू लागली. त्यापेक्षा न बोलणं सोपं होतं. वर्गात हजेरीला "प्रेझेंट सर" म्हटलं की त्याचं दिवसभराचं बोलणं संपे. पंगतीत तो भिंतीकडच्या शेवटच्या पाटावर बसू लागला. त्याच्या शेजारचा पाट रिकामा राही.

त्याचं पहिलं पत्र आलं ते मी ठमाबाईला माझ्या ओटीवर बसून वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. पत्रात तीन वाक्यं होती. प्रकृती ठीक आहे. जेवण ठीक आहे. अभ्यास चालू आहे.

ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. "मास्तर, ह्यात माज्या पोराचा आवाज नाय."

"नवीन जागा आहे, ठमाबाई. रुळेल."

"तुमी लिवा त्याला. जेवताना बाजूला कोन बसतो, त्याचं नाव कळव म्हनावं."

हे तिनं उगीच विचारलं नव्हतं. खारव्यांच्यात एकट्यानं जेवण्याची रीत नाही. मचव्यावर भात शिजला की सगळे एकत्र बसतात, आणि सुकाणूवरचा माणूस मागून जेवतो तेव्हा दुसरा एक जण नुसता त्याच्या शेजारी येऊन बसतो. वाडीत एकटं जेवायची वेळ एकाच माणसावर येते, ज्याला वाडीनं वाळीत टाकलंय त्याच्यावर. "मी एकटा जेवतो" हे वाक्य शिवा आपल्या आईला लिहूच शकत नव्हता.

त्याच्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं कोणीतरी चाकूनं नाव कोरलं होतं: दौलत इंगवले, १९२६. शिवानं उत्तरात लिहिलं, "माझ्या शेजारी दौलत नावाचा मुलगा जेवायला बसतो. तो माझा मित्र आहे."

त्या पत्रानं ठमाबाईचा चेहरा असा उजळला की मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं. तिनं नाव दोनतीनदा उच्चारून बघितलं. "दौलत. बरं नाव हाय. आवस हाय का त्याला?"

पुढच्या पत्रात दौलतला आई नसल्याचं कळलं. शिवाला हे कशाला सुचलं कोण जाणे. बहुधा दौलत त्याला आपल्या घरी कधी नेत नाही याचं कारण आधीच तयार ठेवावं, असं त्याच्या मनात असेल. पण ठमाबाईच्या दृष्टीनं आईविना मुलगा म्हणजे अर्धा आपलाच. तेव्हापासून मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर शिवाला आंबापोळी, काजू असं काही जायचं ते दोन पुड्यांत जाऊ लागलं. शिवाची पुडी साध्या दोऱ्याची, दौलतची लाल दोऱ्याची. दोन्ही मोजूनमापून सारख्या.

पत्रं आता लांब येऊ लागली. दौलत असं म्हणाला, दौलतबरोबर रंकाळ्यावर गेलो, दौलतला आंबापोळी फार आवडली. वाचताना मला काहीतरी खटकायचं. तीस वर्षं मुलांत काढलेल्या माणसाला ते लगेच ओळखता यायला हवं होतं. खरा मित्र पत्रात आला की त्याच्याबद्दल तक्रार येते. तो पुस्तक नेतो आणि परत करत नाही, रुसतो, घोरतो. हा दौलत कधी भांडला नाही आणि त्यानं कधी काही मागितलं नाही. मी मनात म्हटलं, काही असो, बाई खूश आहे. आणि गप्प राहिलो.

लाल दोऱ्याच्या पुड्या शिवा ट्रंकेत ठेवत होता. दुसऱ्याच्या वाटणीचं खाणं त्याला चोरी वाटे. मुंग्या लागल्या तेव्हा त्यानं त्या रंकाळ्यात टाकल्या.

दिवाळीला तो अभ्यासाचं निमित्त सांगून आला नाही. पौषात ठमाबाईनं माझ्याकडून लिहवलं, "शिमग्याला पालखी येते. दौलतला घेऊन ये. त्याला सांग, मी बोलावलंय." आता शिवाची कोंडी झाली. त्यानं एक तोड काढली. दौलतला ताप येतोय, मुदतीचा ताप आहे, येता येणार नाही, असं त्यानं लिहिलं. पुढच्या पत्रात दौलतला त्याच्या गावी नेल्याचं लिहायचं आणि हळूहळू नाव बंद करायचं, असा त्याचा बेत होता.

मी पत्र वाचत होतो. "मुदतीचा ताप" हे शब्द आले आणि ठमाबाईनं ओटीचा खांब धरला. शिवाच्या आधीचा तिचा मुलगा नवव्या वर्षी मुदतीच्या तापानंच गेला होता. ती हकीकत शिवानं घरात कधी नीट ऐकली नव्हती. तो तेव्हा पाळण्यात होता, आणि मागाहून तो विषय घरात कोणी काढत नसे.

ती तिथूनच वाडीच्या जाकादेवीच्या देवळात गेली. मीही मागोमाग गेलो. भिकाजी गुरवानं देवीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं. "आई जाकादेवी, ह्या ठमाबायच्या लेकाचा सोबती दौलत, कोल्हापुराला तापान पडलाय. त्याला उभा कर. तो आपल्या पायानं येऊन तुला नारळ ठेवील. तवर ही बाय म्हावरं तोंडात घालनार नाय."

"होय म्हाराजा," देवळात जमलेली पाचसहा माणसं म्हणाली.

मासळी विकणाऱ्या बाईनं मासे सोडणं म्हणजे काय ते वाडीबाहेरच्या माणसाला समजणार नाही. त्या घरांत दुसरं काही शिजतच नाही. शेजारची बकुळा तिला देवळाच्या पायरीवरच म्हणाली, "ठमे, येडी झालीस? परक्या पोरासाठी म्हावरं सोडतात? भाताबरोबर काय दगड चावनार?"

"तुज्या घरातला बांगडा वाचला, खूश हो," ठमाबाई म्हणाली.

शिवाला हे कळवू नका, परीक्षा जवळ आहे, असं तिनं मला बजावलं. दौलतला मात्र दोन ओळी लिहायच्या होत्या, त्याला धीर यावा म्हणून. बोर्डिंगाचा पत्ता होताच. कार्ड लिहू या, लवकर जाईल, असं मीच सुचवलं. तिनं सांगितलं ते मी जवळजवळ तिच्याच शब्दांत लिहिलं: "चिरंजीव दौलत, ठमाबाईचा आशीर्वाद. तू दुखण्यात आहेस ते कळले. भिऊ नकोस. मी देवीला नारळ बोलले आहे आणि मासे सोडले आहेत. मी देवीला नारळ बोलले आहे आणि मासे सोडले आहेत. बरा झालास की रत्नागिरीला ये, मग आपण सगळी जेवू. तुझ्या सोबत्याला यातले काही सांगू नकोस."

उघड्या कार्डावर गुपित लिहिताना माझ्या मनात काही आलं नाही.

बोर्डिंगात टपाल जेवणघराच्या खिडकीत ठेवत. दौलत नावाचं तिथं कोणी नव्हतं. कार्ड दोन दिवस खिडकीत पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी पंगत बसल्यावर बाळा चौगुलेनं ते उचललं.

"आयला, हे बघा की! मासं सोडल्यात म्हणं कुणीतरी!" आणि त्यानं ते कोकणी हेलात मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पंगतीत हशा पिकला. 'देवीला नारळ'वर हसले, 'मासे सोडले'वर जास्त हसले. कोणीतरी ओरडलं, "रत्नागिरीचं हाय नव्हं? ए शिवा, तुझी आवस न्हवं का रं ही?"

"नाही," शिवा म्हणाला. पहिल्या जेवणानंतर पंगतीत त्यानं मोठ्यानं बोललेला हा पहिला शब्द. "आमच्याकडे ठमाबाई पुष्कळ आहेत." आणि सगळे आपल्याकडे बघतायत हे दिसल्यावर तो हसला. इतरांच्या बरोबरीनं, दात दाखवून हसला.

बाळा वाचता वाचता 'माझा मोठा ह्याच दुखण्याने गेला' या शब्दांशी आला आणि थांबला. त्यानं एकदा शिवाच्या तोंडाकडे पाहिलं, कार्ड खिशात घातलं आणि जेवायला बसला. "वाच की पुढं," पोरं म्हणाली. "संपलं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून त्यानं कार्ड शिवापुढं धरलं. "घे. तुझं हाय."

"माझं नाही," असं म्हणून शिवा खाली उतरून गेला.

आपला मोठा भाऊ कशानं गेला आणि आपण त्या तापाचं नाव घेऊन काय केलं, हे त्याला त्या कार्डावरून कळलं होतं. त्याच दिवशी त्यानं खरं लिहून पाठवलं असतं तर ठमाबाईनं पुढचे महिने दौलतची काळजी करत काढले नसते. पण त्यानं लिहिलं, "दौलतला त्याच्या गावी नेले. पुढे काही समजले नाही." लाज माणसाला काय काय करायला लावते त्याचा हिशोब मी कधी मांडू शकलो नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा देऊन तो घरी आला. पहिल्याच जेवणाला आईनं त्याला बांगड्याचं कालवण वाढलं आणि स्वतः कुळथाची पिठी आणि भात घेऊन बसली.

"आये, तू?"

"नवस हाय. जेव तू. दौलतचं काय कळलं?"

"नाय."

तो आठ दिवस असा जेवला. समोर बसून आई पिठी खाते आणि रोज एकच प्रश्न विचारते. नवव्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि ओटीच्या कडेला पाय सोडून बसला. मग म्हणाला, "मास्तर, दौलत नाय."

"गेला?"

"नाय. नव्हताच."

मला धक्का बसला नाही, याचीच मला लाज वाटली. मी म्हणालो, "मला शंका होती, शिवा."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की ते मी विसरलेलो नाही. "मग तुमी गप का रायलात?"

मी पायांत वहाणा घातल्या आणि त्याच्याबरोबर वाडीत गेलो.

ठमाबाई अंगणात सुकवलेली मासळी उलथत होती. आनंदा जाळं तुणत बसला होता. शिवानं उभ्याउभ्याच सांगितलं. कपाटावरचं नाव, पुड्या, ताप, सगळं. पंगतीतलं तेवढं हसणं सांगितलं नाही. ठमाबाई सुपासारखे पसरलेले हात तसेच ठेवून ऐकत होती. तो थांबल्यावर तिनं एकच विचारलं.

"मग तू जेवायचास कोनाबरोबर?"

"एकटाच."

"वर्सभर?"

"व्हय."

ती खाली बसली. आनंदाची सुई थांबली होती. बकुळा कुंपणापलीकडून ऐकत होती, तीसुद्धा काही बोलली नाही, आणि हे बकुळाच्या बाबतीत फार झालं.

दुसऱ्या दिवशी ठमाबाई भिकाजीकडे गेली. भिकाजी समजूतदार माणूस. म्हणाला, "पोराची चूक हाय. एक नारळ दंडाचा ठेव, मी गाऱ्हानं घालतो, मोकळी हो आनि आजच कालवन कर."

"नको," ठमाबाई म्हणाली. "देवीसमोर मी काय बोलले? माज्या लेकाचा कोल्हापुरातला सोबती येईल, आपल्या पायानं, आनि नारळ ठेवील. नाव खोटं झायलं. बोलले ते मी मनापासून बोलले. सोबती येईल तवा खाईन."

"आनि नाय आला तर?"

"नाय आला तर नाय."

शिवाच्या मनात कॉलेज सोडायचं होतं. त्यानं बापाला सांगितलं, मी मचव्यावर येतो. आनंदा फार थोडं बोलणारा. जाळ्यातून मान वर न करता तो म्हणाला, "तू हितं रायलास तर कोल्हापुरातला सोबती कुठनं येनार? तुजी आवस मरेपर्यंत पिठी खाईल. जा तू."

निकाल लागला. शिवा कसाबसा पास होता. जूनमध्ये तो परत गेला, इंटरच्या म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या वर्गात. या खेपेला त्याच्या ट्रंकेत एकच पुडी होती.

मित्र पाहिजे म्हणून कोणी मित्र होत नाही. शिवानं पहिले दोन आठवडे पंगतीत याच्या त्याच्या शेजारी बसून पाहिलं. मुलं सरकून जागा देत, बोलत, पण पुढं काही घडत नसे. आता त्याच्या हेलाला कोणी हसत नव्हतं. ती गंमत झिजून गेली होती. हसत होते तेव्हा निदान लक्ष तरी होतं, असं त्याला वाटलं. इकडे ठमाबाई सुकं म्हावरंसुद्धा न खाता पावसाळा काढत होती. मी त्याला पत्र लिहीत होतो, पण ती त्यात कधी "सोबती मिळाला का" असं विचारायला सांगत नसे. म्हणायची, "नको. मंग परत नाव लिवून पाठवील."

शेवटी एका रविवारी शिवा बाळा चौगुलेच्या खोलीत गेला. बाळा शर्टाला बटण लावत होता.

"ते कार्ड माझ्या आवशीचं होतं," शिवा म्हणाला.

"ठावं हाय लेका. त्या दिवशी तू ताट तसंच ठिवून उठलास."

"तुझ्याजवळ आहे?"

बाळानं वहीतून कार्ड काढून दिलं. "पण दौलत कोण रं? मी सगळ्या बोर्डिंगात हुडकला. म्हटलं, एवढं कुणी मासं सोडतंय, तर गडी जिवंत हाय का मेला ते तरी कळू दे."

शिवानं त्याला कपाटावरच्या नावापासून सगळं सांगितलं. बाळा आधी हसला. खूप हसला, सुई बोटात टोचून घेतली. मग बोट चोखत म्हणाला, "अजून न्हाई खात?"

"नाय."

"कुणी गेलं तर खाईल?"

"माझा सोबती गेला तर. खोटा चालणार नाय. देवीसमोर उभं राहायचंय."

"मग मी खरा हाय का खोटा?" बाळा म्हणाला. शिवानं कार्ड खिशात घातलं. बाळाच म्हणाला, "मलापण ठावं न्हाई मर्दा. गेल्या साली तुझं रक्त पिलो मी. दिवाळीपत्तूर बघू. न्हाई जमलं तर न्हाई येत. पण आधीच सांगतो, मासं खाणार न्हाई. त्येला काटं असत्यात."

त्या दिवसापासून बाळा पंगतीत शिवाच्या शेजारी बसू लागला. दोघांची दोनदा भांडणं झाली. एकदा बाळानं शिवाचं धोतर न विचारता नेसलं, एकदा शिवानं त्याची नक्कल केली ती त्याला झोंबली. शिवाच्या पत्रात या तक्रारी आल्या तेव्हा मी त्या ठमाबाईला पूर्ण वाचून दाखवल्या. "भांडला?" ती म्हणाली. "आनि मंग? जेवले का एकत्र?" पुढच्या ओळीत ते होतं. तिनं पदर तोंडाला लावला.

दिवाळीच्या सुटीत दोघं आले. घाटात बाळाला मोटार लागली होती, तो पिवळा पडला होता. त्यानं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. "एवढं पाणी अन् पिकाला एक थेंब चालत न्हाई?" असं म्हणून त्यानं आनंदालाही हसवलं.

देवळात भिकाजीनं नारळ बाळाच्या हातात दिला आणि विचारलं, "नाव काय घेऊ?" देऊळ भरलं होतं. सगळ्या वाडीला गोष्ट ठाऊक होती, पण कोणी तोंडावर काढत नव्हतं. बाळा बोलणार एवढ्यात शिवा पुढं झाला.

"ह्याचं नाव बाळा चौगुले. दौलत कोणी नव्हता. मी खोटं लिवलं होतं." त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं. मान वर केली नाही, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले. भिकाजीनं तसंच गाऱ्हाणं घातलं, खोटं नाव आणि खरं नाव दोन्ही घेऊन. "होय म्हाराजा," वाडी म्हणाली.

त्या दिवशी कालवण बकुळानं केलं. ठमाबाई बाळाच्या आणि शिवाच्या मध्ये बसली. मी ओटीवर होतो. तिनं पहिला तुकडा काटा काढून बाळाच्या पानात ठेवला. त्यानं तो डोळे मिटून गिळला. मग दुसरा तुकडा तिनं आपल्या तोंडात घातला.

"मावशी, कसं लागतंय?" बाळानं विचारलं.

"खारट झायलंय. बकुळेला मीठ टाकताना हात नाय."

"दहा म्हयनं पिठी खाल्लीस, तुला चव काय कळनार!" बकुळा चुलीकडून ओरडली. सगळे हसले.

शिवा हसला नाही, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. कारण मला ठाऊक नव्हतं.

सुटी संपून दोघं गेले. आठवड्यानं ठमाबाई पत्र लिहवायला आली. मी नेहमीसारखं कार्ड पुढं ओढलं.

"कार्ड नको, मास्तर," ती म्हणाली. "पाकीट घ्या. चिकटवा ते नीट."

मी कारण विचारलं. तिनं सांगितलं नाही. पुढची तीन वर्षं, शिवा बी.ए. होऊन बंदरावरच्या कस्टम कचेरीत कारकून लागेपर्यंत, तिनं पाकिटातूनच पत्रं पाठवली. मी डिंक लावायचो आणि ती पाकीट हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवून बघायची.

शिवा आज चाळिशीच्या पुढं आहे. बाळा शिरोळला मास्तर आहे. दरवर्षी येतो, काटे स्वतः काढतो. ठमाबाई जाऊन चार वर्षं झाली. तिच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी शिवाला त्या पाकिटांबद्दल सहज विचारलं, तेव्हा त्यानं मला पंगतीतल्या हसण्याची गोष्ट सांगितली. कोल्हापूरला परतायच्या दिवशी मोटारीची वाट बघताना त्यानं ती आईला सांगून टाकली होती. बाळा तेव्हा पानपट्टीवर गेला होता.

"बाळा पन हसला?" तिनं विचारलं होतं.

"आदी हसला. मग थांबला."

"आनि तू?"

"मी नाय थांबलो."

खाली ठेवलेली पाटी उचलून तिनं डोक्यावर घेतली आणि मोटार यायच्या आधीच बाजाराकडे निघून गेली.